न खुडलेली ओळ

पावसाळा सरत आला होता, पण जमीन अजून चालणाऱ्याच्या पायातली चप्पल ओढून घेत होती. त्या चिखलातून काठी टेकत आबा हत्यारांच्या खोलीपर्यंत गेले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यांना कुदळ नको होती, खुरपंही नको होतं. त्यांना दार वाचायचं होतं.

दाराच्या आतल्या अंगाला सुतारी पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी होत्या. वांगी टाकली. मिरची टाकली. कोबी टाकला, उगवला नाही, बी जुनं. प्रत्येक ओळीपुढे तारीख. आबांना अक्षरं आली ती साठी उलटल्यावर, नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून. नात आता दूर कॉलेजात होती, पुस्तक कधीच रद्दीत गेलं होतं. पण आपण लिहिलेलं आपल्यालाच वाचता येतं याचं नवल आबांना अजून पुरतं ओसरलं नव्हतं.

बोट सरकत सरकत गेल्या वर्षीच्या ओळीवर थांबलं. झेंडू टाकला, दिवाळीसाठी. पुढे तारीख. त्या दिवशी बायको खाटेवर पडून होती. झेंडूचं खातं सगळं तिचं. चाळीस वर्षं ती म्हणायची, "आज झेंडू टाका," आणि आबा टाकायचे. कधी आणि का, हे त्यांनी विचारलं नाही. गेल्या वर्षीही ती खाटेवरूनच म्हणाली आणि आबांनी बी टाकून दारावर लिहून ठेवलं. थंडीत ती गेली.

तारखेला अजून चार दिवस होते. आबा समाधानानं बाहेर आले.

बाहेर सूनबाई कुंड्यांच्या रांगेत वाकली होती. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. रोपवाटिका आता तिच्याच अंगावर होती. उन्हाळ्यात आबा पंपाच्या पायरीवरून घसरले, गुडघा दुखावला, तेव्हापासून तिनं त्यांना फाटकाजवळ खुर्ची टाकून दिली होती. येणाऱ्या गिऱ्हाइकाला कुठलं रोप कुठे आहे ते सांगायचं, एवढंच काम. आबा त्या खुर्चीला मनातल्या मनात 'बुजगावण्याची जागा' म्हणायचे.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शाळेच्या बाई आल्या. तिसरीच्या मुलांनी दिवाळीला स्वतः लावलेल्या फुलांची माळ गल्लीच्या टोकाच्या देवळात देवीला घालावी, असं त्यांच्या मनात होतं. जागा मिळेल का, शिकवायला कुणी मिळेल का? सूनबाईनं तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "जागा आहे. माणूसही आहे."

बाई गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आबा, गुडघा?"

"गुडघा काय मुलांना दाखवायचाय?"

"बावीस पोरं आहेत. नाचून वाफे तुडवतील."

"तुडवू देत. मी पुन्हा करीन."

तिनं हातातली माती झटकली. आबांच्या मनातली जागा म्हणजे भिंतीकडेची मोकळी पट्टी. ती तिला कुंड्यांच्या मांडण्यांसाठी हवी होती, हे आबांना माहीत होतं. तिनंही ते लपवलं नाही. "बघा बुवा. दिवाळीला देवीच्या गळ्यात माळ पडली तर पट्टी तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही पडली तर दुसऱ्या दिवशी मी मांडण्या ठोकणार आणि तुम्ही गुमान खुर्चीवर बसायचं. आहे कबूल?"

"कबूल," आबा म्हणाले. ते इतक्या झटकन म्हणाले, की तिलाच कसंसं झालं.

दारावरच्या तारखेला मुलं आली. दोनदोनच्या रांगेत आली आणि फाटकातून आत शिरताच रांग फुटली. एक जाडगेला मुलगा आल्या आल्या चिखलात बसलाच. बाकीची पोरं ओरडली, "भोपळा पडला! भोपळा पडला!" त्यालाही त्यात काही वाटलं नाही. तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "आजोबा, इथे मऊ आहे."

"मग ऊठ तिथून. तिथे बी झोपायचंय, तू नाही."

आबांनी गादीवाफा आधीच करून ठेवला होता. दोन दिवस लागले होते त्याला. दहा वेळा खुरपं मारायचं, एकदा पाठ सरळ करायची. शेणखत चाळून मिसळलं होतं, वर बोटानं आडव्या रेघा ओढल्या होत्या. झेंडूचं बी मुलांच्या तळव्यावर पडलं तेव्हा सगळी पोरं माना वाकवून बघायला लागली. काळ्या काडीला पांढरी शेपटी, असलं बी त्यांनी पाहिलं नव्हतं.

"हे जिवंत आहे?" एका बारीक चणीच्या मुलीनं विचारलं. इस्त्रीवाल्याची मुलगी. हाताला कायम गरम कपड्यांचा वास.

"आहे."

"मग हलत का नाही?"

"झोपलंय."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीपासून."

"भूक नाही लागत त्याला?"

आबांनी बाईंकडे पाहिलं. बाई हसल्या. "ती अशीच आहे आजोबा. तिच्यापुढे आम्हीही हात टेकले."

"मुलगी आहे का प्रश्नपत्रिका?" आबा म्हणाले, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

बी उगवलं. तीन आठवड्यांनी रोपं बोटभर झाली तेव्हा आबांनी भिंतीकडेच्या पट्टीत सुतळी बांधून ओळी पाडल्या. एकेका मुलाला एक ओळ, ओळीत नऊ रोपं. प्रश्नपत्रिकेची ओळ शेवटची, भिंतीला लागून. पोरं रोज मधल्या सुट्टीत यायची. झारी एकच, भांडणं बावीस. आबांनी मग डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून बावीस झाऱ्या केल्या. दोन दिवस अंगठा सुजला होता. सूनबाईनं जेवताना तो पाहिला आणि भाकरी मोडून ताटात वाढली.

रोपं वीतभर झाली. ऊन आता कोरडं पडू लागलं होतं, माती वरून फिकी, आतून ओली. एका दुपारी आबांनी सगळ्यांना ओळीत बसवलं.

"आज शेंडे खुडायचे."

"म्हणजे तोडायचे?" प्रश्नपत्रिका.

"वरचा एवढासा कोंब. अंगठा आणि बोट, असं. मग रोप बाजूनं फुटतं. एका फुलाच्या जागी दहा येतात."

"दुखतं का त्याला?"

"नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"चाळीस वर्षं खुडतोय. एकानंही तक्रार केली नाही."

"त्यांना बोलता कुठे येतं?"

सगळी पोरं हसली. आबांना मात्र हसू आलं नाही. उन्हात बसून गुडघा ठणकत होता. "डोकं खाऊ नकोस," ते म्हणाले, जरा जोरातच. "प्रत्येकानं नऊ शेंडे माझ्या हातात आणून द्यायचे. मी मोजून घेणार."

पोरं खुडायला लागली. बोटं हिरवी झाली, उग्र वास सुटला. भोपळ्यानं तर सपाटाच लावला. एकेकानं नऊ नऊ शेंडे आणून दिले, आबांनी मोजले. प्रश्नपत्रिका सगळ्यात शेवटी आली. तिच्या मुठीतही नऊ होते. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. बघ, मेलं का एक तरी?"

ती मान खाली घालून पळाली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी फूलवाला आला. देवळासमोर त्याचं दुकान, दरवर्षी देवीची माळ त्याचीच. सायकल फाटकाला टेकवून तो आत आला, तंबाखू मळत ओळींकडे बघत राहिला.

"काय आबा, म्हणे यंदा आमची सुट्टी?"

"तुझी कसली सुट्टी. तू दारांची तोरणं विक. देवीची माळ पोरांची."

"असू दे, असू दे." तो वाकून एक रोप निरखू लागला. "पण हे खुडलेत होय? आत्ता?"

"मग कधी खुडायचे? बहर धरायला अजून महिना आहे की."

फूलवाल्याचा मळणारा अंगठा थांबला. "कसला महिना?"

"दिवाळीला."

"अहो आबा, तेवीस दिवस राहिलेत! यंदा अकरा दिवस अलीकडे आहे. कॅलेंडर बघत नाही का घरात?" आणि तो हसला. वाईट मनाचा नव्हता, पण त्याला हसू आवरलं नाही. "म्हणजे फुलं येणार दिवाळी होऊन गेल्यावर! देवीला सांगू का, जरा थांब म्हणून? आबांचा झेंडू यायचाय!"

कुंड्यांपाशी सूनबाई उभी होती. तिनं ऐकलं होतं.

फूलवाला गेला. आबा हत्यारांच्या खोलीत गेले आणि दार आतून लावून त्या ओळीसमोर उभे राहिले. तारीख बरोबर होती. अक्षर आपलंच. चूक कुठेच दिसत नव्हती. मग त्यांना बायकोची आठवण झाली. ती नवीन वर्षाचं कॅलेंडर आणलं की आधी दिवाळीचं पान काढायची आणि बोटांवर काहीतरी पुटपुटत मागे मागे यायची. ती दर वर्षी वेगळ्या दिवशी म्हणायची, "आज टाका." सण सरकतो, तशी ती पेरणी सरकवायची. वांगी-मिरचीला सण नसतो. चाळीस वर्षं तिनं मोजलं आणि आपण नुसतं टाकलं. आणि त्यातून एक दिवस लिहून ठेवला, तर तोच धरून बसलो.

त्यातही खुडलं नसतं तर कदाचित फुलं वेळेवर आली असती. एकच आलं असतं रोपाला, पण आलं असतं. आता बाजूचे कोंब फुटून कळ्या धरायच्या म्हणजे दिवाळीनंतर आठ-दहा दिवस तरी.

संध्याकाळी जेवण झाल्यावर सूनबाई त्यांच्यासमोर बसली. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," ती हळू म्हणाली. "म्हणून मी काही बोलले नाही."

"तुझी चूक नाही."

"ऐका. मोठ्या रोपवाटिकेत फुललेल्या कुंड्या मिळतात. आदल्या दिवशी पन्नास आणते. दोघं मिळून पोरं यायच्या आत जमिनीत बसवू. पोरांना काय कळतंय?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. पट्टी हिलाच हवी होती. तरी ही आपली लाज राखायला निघाली होती. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"एक पोरगी आहे," ते म्हणाले. "ती विचारेल, रात्रीतून कशी फुलली? मी काय सांगू तिला?"

"सांगा देवीनं फुलवली."

"ते तर अजूनच वाईट."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं झाऱ्या घेऊन धावत आली. आबांनी त्यांना थांबवलं, ओळींच्या टोकाला बसवलं. बाईही उभ्या होत्या. आबा स्वतः मात्र बसले नाहीत. बसून सांगायची गोष्ट नव्हती ती.

"मी चुकलो," ते म्हणाले. "दिवाळी यंदा लवकर आहे आणि मी मोजलं नाही. वर शेंडे खुडायला लावले, त्यानं आणखी उशीर. तुमची फुलं येतील. भरपूर येतील. पण दिवाळीला नाही. मागून."

भोपळ्याच्या डब्यातून पाणी गळत राहिलं, त्याच्याच पायावर. मग एक मुलगा म्हणाला, "मग देवीला माळ?"

"फूलवाल्याची. दरवर्षीसारखी."

"आपण मग उगाच पाणी घातलं?" भोपळा म्हणाला.

तेवढ्यात मागून हुंदका आला. प्रश्नपत्रिका रडत होती. नाक, डोळे, सगळं एक झालं होतं.

"माझ्यामुळे झालं का?" तिनं विचारलं.

"तुझ्यामुळे कशाला?"

"मी ऐकलं नाही म्हणून?" ती आणखी जोरात रडली. "मी नाही खुडले. मला नाही तोडवलं. भोपळ्यानं एकेका रोपाचे दोन दोन खुडले होते, त्यातले नऊ मी घेतले आणि तुम्हाला दिले. तुम्ही शाबास म्हणालात!"

भोपळा ओरडला, "माझे शेंडे? तरीच म्हटलं कमी कसे झाले!"

आबा काठी विसरून निघाले. ओळी ओलांडत, सुतळ्यांत पाय अडकवत शेवटच्या ओळीपाशी पोचले. भिंतीच्या सावलीमुळे त्या ओळीकडे त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं. गुडघा मुडपत नव्हता तरी मुडपला. नऊ रोपं सरळ, उंच, काठीसारखी उभी होती. आणि प्रत्येकाच्या शेंड्याला, पानांच्या आत झाकलेली, मुगाएवढी हिरवी कळी.

त्यांनी एक कळी दोन बोटांत हलकेच धरली. टणक होती. भरलेली होती.

"आजोबा, मी मार खाणार का?" मागून आवाज आला.

"आधी नाक पूस," आबा म्हणाले. "आणि सगळ्यांना इकडे बोलव. पाय जपून."

बावीस पोरं त्या नऊ रोपांभोवती गोळा झाली. "या नऊ कळ्या दिवाळीला फुलल्या तर माळ होईल," आबा म्हणाले. "नक्की सांगत नाही. पण होईल."

"नऊ फुलांची माळ?" भोपळ्यानं बोटं मोजली. "देवीच्या गळ्यात की हातात?"

"आणि बाकीच्यांचं काय?" दुसरा. "मी पण पाणी घातलंय रोज!"

तिथेच भांडण लागलं. बाईंनी ते सोडवलं. ज्याच्या त्याच्या ओळीतल्या हिरव्या पानांची डहाळी ज्यानं त्यानं द्यायची, पानांच्या माळेत मधे मधे फुलं. झेंडूचा वास पानालाही असतो. आबांनी मान हलवली. ही तोड त्यांच्या डोक्यात आलीच नसती.

पुढचे दिवस त्या एका ओळीचे झाले. सगळ्यांचं पाणी तिलाच मिळायला लागलं, शेवटी आबांना ओरडावं लागलं की बुडवून माराल. चार दिवस आभाळ भरून आलं, ऊन पडेना, कळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. आबा दिवसातून दहादा जाऊन यायचे. आता फाटकाजवळच्या खुर्चीवर कुणीच नसायचं. गिऱ्हाईक आलं की सूनबाईच हात पुसत पुढे व्हायची. एकदा भिंतीची सावली सकाळी किती वेळ पडते ते बघायला आबा आले, तर भिंतीवर ठेवलेले रिकामे डबे, गोणपाटं सगळं कुणीतरी काढून ठेवलेलं. ऊन थेट ओळीवर पडत होतं. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं. ती पाठमोरी होऊन कुंडीत माती भरत राहिली, वाजवीपेक्षा जास्तच दाबून.

मग आभाळ फाकलं. दिवाळीच्या तीन दिवस आधी पहिल्या कळीच्या टोकाला केशरी रेघ दिसली.

सणाच्या दिवशी भल्या सकाळी पोरं आंघोळी करून, ओल्या केसांनी, नव्या कपड्यांत आली. दव पडलं होतं. नऊपैकी सात फुलं पुरती उमलली होती, दोन अर्धीमुर्धी. प्रश्नपत्रिका ओळीसमोर उभी राहिली आणि तिनं हात मागे घेतला.

"आता हे तोडायचं?"

आबा काठी टेकून थांबले. मागच्या वेळी जोरात बोलले होते, ते त्यांच्या लक्षात होतं.

तिनं एका फुलावरचं दव बोटानं टिपलं. "देवीला देऊन झाल्यावर मला परत मिळतील?"

"वाळल्यावर मिळतील. त्यातच बी असतं. पिकलं असलं तर पुढच्या वर्षी तेच टाकू."

मग तिनं स्वतःच, एकेक करून, देठाशी धरून तोडली. आधी प्रत्येकाला काहीतरी सांगितलं, ते कुणाला ऐकू आलं नाही.

देवळाच्या ओट्यावर माळ ओवताना धांदल उडाली. पानांच्या डहाळ्या सुटत होत्या, दोरा गुंतत होता, भोपळ्यानं स्वतःचं बोटच बांधून घेतलं होतं. तेवढ्यात फूलवाला आला. खांद्यावर त्याची जाड, टपोऱ्या फुलांची माळ. तो पायरीवर थांबला, आबांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं.

"हे काय, पाला?"

"पाला आणि नऊ फुलं," आबा म्हणाले. "चूक माझी, फुलं हिची."

फूलवाल्यानं एक सुटलेली डहाळी उचलली, नाकाशी धरली. मग आपली माळ बाजूला ठेवून तो मांडी घालून पोरांच्या मधे बसला. "असं नाही बांधत रे. गाठ आतून घ्यायची. दे इकडे. आणि तू, बोट सोडव आधी." त्याच्या हातांत दोरा पाण्यासारखा पळू लागला. दोन पानं, एक गाठ, दोन पानं, एक गाठ, मधेच फूल. बघता बघता हिरवी माळ झाली, आणि त्यात नऊ केशरी ठिपके.

पुजाऱ्यानं ती देवीच्या गळ्यात घातली. काळ्या दगडावर हिरवं आणि केशरी. कुणीतरी आणखी एक समई पेटवली. पोरं ओरडायची सोडून कुजबुजायला लागली, जणू मोठ्यानं बोललं तर फुलं मिटतील.

"तुझी माळ?" आबांनी फूलवाल्याला विचारलं.

"देवीच्या गळ्यात एकच शोभते." त्यानं आपली माळ उचलली आणि देवळाच्या चौकटीला बांधली. खाली उतरता उतरता म्हणाला, "पुढच्या वर्षी कॅलेंडर मी आणून देतो. फुकट."

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा पट्टीतल्या एकशे एकोणनव्वद रोपांना एकदमच बहर आला. खुडलेलं एकही रोप दहा-बारा फुलांच्या खाली नव्हतं. सण होऊन गेला होता, पणत्या धुऊन ठेवल्या होत्या. पोरांनी फ्रॉकच्या, शर्टाच्या ओच्यात भरभरून फुलं नेली. इस्त्रीच्या टेबलावर, वर्गाच्या खिडकीत, शाळेच्या घंटेला, भोपळ्याच्या म्हशीच्या शिंगांना, जिथे तिथे झेंडू. प्रश्नपत्रिकेनं प्रत्येकाच्या ओळीतली दोन दोन फुलं मागून घेतली. तिच्या ओळीत आता बाजूच्या फांद्यांना थोड्याच कळ्या होत्या. कुणीच नाही म्हटलं नाही.

आबा मांडण्यांची वाट बघत होते. माळ पडली होती खरी, पण ती पाल्याची. सूनबाईनं ती हिशेबात धरली नसती तरी त्यांना वाईट वाटलं नसतं. दोन दिवस झाले, चार दिवस झाले, तिनं हातोडी काढली नाही.

मग एक दिवस हत्यारांच्या खोलीत त्यांना फळीवर, हाताला येईल अशा उंचीवर, एक पत्र्याचा डबा दिसला. बायकोचा बियांचा डबा. ती गेल्यापासून तो सूनबाईच्या कपाटात होता. डब्याखाली पुढच्या वर्षीचं कॅलेंडर, आणि त्यात दिवाळीच्या पानाशी एक सुतळी ठेवलेली.

आबांनी खिडकीतून पाहिलं. ती पाइप ओढत कुंड्यांकडे चालली होती. "पट्टीला पाणी तुम्ही घाला," तिथूनच ती ओरडली. "मला वेळ नाही."

त्या दुपारी प्रश्नपत्रिका वाळलेली नऊ फुलं कागदात बांधून घेऊन आली. आबा दारासमोर पेन्सिल घेऊन उभे होते. गेल्या वर्षीची तारीख त्यांनी आडव्या रेघेनं खोडली होती आणि खाली सावकाश एकेक अक्षर काढत होते.

तिनं मान वाकडी करून वाचलं. "दिवाळी बघून मागे मोजावं. एक ओळ खुडू नये." ती थांबली. "कुठली ओळ?"

"भिंतीकडेची."

"का?"

आबांनी पेन्सिल कानामागे खोचली, डबा उघडून तिच्यासमोर धरला.

"आधी बी टाक यात," ते म्हणाले. "मग विचार. बसलोय मी."